कढईतलं उद्गारचिन्ह

चार माणसं रोज एकाच गाडीतून बिबवेवाडीहून हडपसरच्या ऑफिसला जायला लागली की किस्से आपोआप साठतात. डिकीत छत्र्या आणि पिशव्या साठतात तसेच. कोणी ठेवल्या ते आठवत नाही आणि काढायच्या कोणी तेही ठरत नाही. आमचे किस्से मात्र सगळे एकाच पिवळ्या दिव्याचे आहेत. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही.

गाडी माझी होती. पन्नाशीला आल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले आणि स्वतःच्या पगारातून ती घेतली. माझ्या शेजारी बसायचे आमच्या अकाउंट्सचे आपटे काका. बोलणं मोजकं, आणि तेही टोचणारं. मागे क्वालिटीतला इंगोले, मूळचा यवतमाळचा, आणि त्याच्या शेजारी आयटीतली सायली. ती इअरफोन घालूनच गाडीत चढायची.

*

डॅशबोर्डवरचा तो दिवा पहिल्यांदा लागला मार्केट यार्डाजवळच्या सिग्नलला. कढईसारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह!

"काहीतरी करपतंय," आपटे काका म्हणाले.

सायलीने फोनवर शोधलं. "मॅम, टायरमध्ये हवा कमी आहे!"

पेट्रोल पंपावर गेलो. चारही टायर ठणठणीत निघाले. हवावाल्याने विचारलं, "मॅडम, स्टेपनी बघायची?"

"अहो, ती कोरी आहे! प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तिला काय धाड भरलीय?"

शिवाय स्टेपनी बघायची म्हणजे डिकीतलं सगळं खाली उतरवायचं. छत्र्या, पिशव्या, गणपतीच्या मखराचे तुकडे. आम्ही निघालो आणि दिवाही आमच्याबरोबर निघाला. पुढे दर वेळी तो हवावाला तेच विचारायचा आणि दर वेळी मी तेच सांगायचे.

*

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी परफेक्ट आहे."

"मग दिवा का लागतोय?"

"तो फक्त दाखवतोय."

"काय दाखवतोय?"

"तेच तर कळत नाहीये!"

गाडी धुऊन, पुसून परत मिळाली. डॅशबोर्डची काचही स्वच्छ केली होती, त्यामुळे दिवा आणखी लख्ख दिसायला लागला.

*

इंगोलेकडे उपाय होता. "काहून टेन्शन घेता, ताई? दिसलाच नाही तर त्रास कशाचा?" त्याने माझ्याकडून एक टिकली मागून घेतली आणि बरोबर दिव्यावर चिकटवली.

आपटे काकांनी चष्मा वर केला. "छान. आता हळदीकुंकूही करून टाका."

दिवा झाकला गेला, पण माझी काळजी तशीच. उलट आता तो चालू आहे की बंद, तेही कळेना. दर सिग्नलला मी टिकलीची कड उचलून बघायला लागले. शेवटी तिचा गोंदच गेला.

*

यानंतरचा किस्सा मी कोणाला सांगत नाही, पण इथे सांगते.

एव्हाना मला सारखं वाटायचं, गाडी एका बाजूला ओढतेय. कसलाही आवाज आला की टायर बसला! तीन माणसांचा जीव माझ्या हातात आहे आणि समोर हा पिवळा डोळा. एके दिवशी मी पुलावरच गाडी कडेला घेतली आणि उतरून टायर बघायला लागले. मागे ही रांग! एक बाइकवाला ओरडला, "बाई, पूल घरचा आहे का?"

टायर चारही ठीक होते. पण त्या गर्दीतून निघेपर्यंत सायलीचं क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन सुरू होऊन गेलं होतं. दोन महिने तिने खपून केलेलं काम दुसऱ्याच कोणीतरी दाखवलं.

"इट्स ओके, मॅम," ती म्हणाली. पुढच्या सोमवारपासून ती बसने यायला लागली. आरशात ती रिकामी जागा दिसली की मला रडू यायचं. आपटे काका त्या दिवसांत काहीच टोचून बोलायचे नाहीत, त्याचा तर जास्तच त्रास व्हायचा.

*

मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, तुला झेपत नाहीये. विकून टाक."

हे मी आपटे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पवार बाई, दिवा गाडीचा लागलाय. तुमचा नाही."

पण खरं सांगते, तोवर मी हरले होते. मी गाडी विकायला काढली. इंगोले म्हणाला, "बाहेर कशाले देता, ताई? मी घेतो. दिव्यासकट!"

किल्ली त्याच्या हातात दिली आणि मी घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. गॅसही पेटवला नाही.

*

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. इंगोले गावाला जाऊन परत आला होता. आता तो चालवणार, शेजारी आपटे काका, आणि मी मागे. माझ्या बाजूला सायली! इंगोले चालवणार म्हटल्यावर तीही परत आली होती.

मी सवयीने पुढे वाकून बघितलं. दिवा नव्हता.

"इंगोले, दिवा?"

त्याने गिअर बदलला. गंगाधामच्या चौकात उगाच हॉर्न वाजवला.

"अहो इंगोले, सांगून टाका," आपटे काका म्हणाले. "आज ना उद्या त्यांना कळणारच."

"ताई, गावाले जायचं म्हणून डिकी रिकामी केली," इंगोले समोर बघत म्हणाला. "स्टेपनी पार बसली होती. तिच्यात हवा भरली, अन् दिवा गेला. त्या पाचव्या चाकालेबी सेन्सर आहे म्हणते."

सायलीने कानातले इअरफोन काढले.

हवा भरायला इंगोलेने पंपावर गाडी घेतली. तोच हवावाला होता. चारही टायर तपासून झाल्यावर तो सवयीने मागच्या खिडकीशी, माझ्याकडेच आला.

"मॅडम, स्टेपनी बघायची?"

"त्यांना विचारा," मी म्हटलं. "गाडी त्यांची आहे."