डिस्कला बांधलेला लाल टॅग
कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याच्या कपड्यांना मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास आला, की मला आमच्या पिंपरीच्या घरातली ती दुपार आठवते. खालच्या मजल्यावरचे काका चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ते त्याच वासाच्या कपड्यांत वर आले, आमच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकली आणि चहाही न घेता गेले. कॉम्प्युटर झकास चालू झाला, पण त्यातली दुसरी डिस्क दिसेना. आईचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते, आणि आई आता नव्हती. "चहा नको म्हणाला तेव्हाच मला शंका आली," वडील म्हणाले. "डिस्क काढून नेली त्यानं." मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. डिस्क जागेवर होती, फक्त वायर काढलेली आणि वर लाल टॅग बांधलेला: काम चालू आहे, हात लावू नये. मी वायर जोडायला गेलो तर वडिलांनी माझा हात धरला. "त्यालाच बोलव. बघू काय म्हणतोय." काका आले, टॅग बघून ओशाळले. "कंपनीची सवय हो, भाऊ. तिथं मशीनला हात लावण्याआधी वीज तोडून असा टॅग बांधतो. चुकून फोटो पुसले जाऊ नयेत म्हणून वायर काढली, आणि जोडायचीच राहिली." त्यांनी वायर जोडेपर्यंत वडील त्यांच्या हातांवर नजर ठेवून उभे होते. आईचे फोटो दिसले. वडिलांनी ते शेवटपर्यंत पाहिले आणि मग म्हणाले, "तो टॅग इथंच राहू द्या." आता दुरुस्तीला कुणीही येवो, वडील आधी स्वतः त्या डिस्कची वायर काढतात, टॅग बांधतात, आणि मगच त्याला चहा विचारतात.