दशम्या घेऊन समुद्रावर

नांदूरघाटहून निघताना अण्णांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा दशम्या जास्त होत्या. वहिनीने दुधात पीठ मळून केलेल्या, फडक्यात घट्ट बांधलेल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि फुटाणे. पाच दिवसांच्या श्रीलंकेच्या सहलीला माणूस शिदोरी घेऊन निघाला होता. ती शिदोरी कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. हल्ली हे फारसं कुणी पाळत नाही. माझ्या मैत्रिणींचे आईवडील जावयाकडे महिना महिना राहून येतात. अण्णांनी मात्र पाळलं. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. पुण्याला माझ्याकडे आले की ते गॅलरीत बसून स्वतःची दशमी खायचे आणि सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. आईचंही तेच. दोन वर्षांपूर्वी ती गेली, ती माझ्या घरचा घोटभर चहाही न घेता.

सहलीची कल्पना माझ्या नवऱ्याची, प्रशांतची. "परदेशातलं हॉटेल म्हणजे काही आपलं घर नव्हे. तिथे तरी जेवतील," तो म्हणाला. त्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही बापलेकीनेच जायचं. मलाही पटलं. आई गेल्यापासून अण्णा गप्प गप्प असत. तूर निघाली होती, ज्वारीला अजून अवकाश होता. "येता का?" म्हणून विचारलं, तर चक्क हो म्हणाले. मला एकदा, फक्त एकदा, त्यांना पोटभर जेवू घालायचं होतं.

मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. माझा हात पर्सकडे जायच्या आत अण्णांनी पैसे देऊन टाकले, माझ्या चहासकट, आणि मिशीतल्या मिशीत हसले. पुणं आलं तेव्हा, "घरी कावून थांबायचं? सरळ मुंबैला इमानाकडं घे," असं ड्रायव्हरला सांगून माझं घरही टाळलं. विमानात जेवणाचा ट्रे आला, तो त्यांनी उघडलाच नाही.

"अहो, तिकिटातलंच आहे ते," मी म्हणाले.

"तिकीट कुणाचं हाय?" अण्णा म्हणाले आणि खिडकीतून ढग बघत बसले. प्रशांतची युक्ती हवेतच फसली होती.

कोलंबोहून मोटारीने तीन तास दक्षिणेला गेल्यावर आमचं मुक्कामाचं गाव आलं. पाच खोल्यांचं बैठं घर, पुढे माड, आणि माडांपलीकडे लगेच समुद्र. मालकीण पन्नाशीची, हसऱ्या तोंडाची. सगळे तिला अक्का म्हणत. सिंहलीतही अक्का म्हणजे मोठी बहीणच, हे कळल्यावर अण्णांना कोण आनंद झाला. "लंकेत बी अक्काच हाय की!" ते दोनदा म्हणाले.

तिथे करायचं असं काहीच नव्हतं, आणि तेच करायला आम्ही गेलो होतो. सकाळी आरामखुर्च्या सावलीत ओढायच्या, ऊन सरकलं की पुन्हा ओढायच्या. धोतर-टोपीतले अण्णा आणि शेजारी उघडेबंब गोरे पाहुणे. दोघांनीही एकमेकांची दखल घेतली नाही. समुद्राचा रंग काठाशी हिरवट, पुढे निळा, आणि अगदी लांब काळसर. अण्णा तासन् तास बघत बसले, मग म्हणाले, "एवढं पानी, आन् वाफ्याला देता येत न्हाई."

अक्का नाश्त्याला इंडिअप्पा (तांदळाच्या शेवयांच्या जाळीदार चकत्या), पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी) आणि पोल रोटी (खोबरं घातलेली जाड भाकरी) करायची. अण्णांनी रोटी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, वास घेतला आणि परत ठेवली. "चांगली थापलीय," एवढंच म्हणाले. मग फडकं सोडून दशमी काढली. अक्काचा चेहरा उतरला. मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, व्रत आहे. तिने समजून मान हलवली आणि परसातल्या केळींचा फणा आणून अण्णांपुढे ठेवला. तो त्यांनी घेतला. केळी अक्काची होती, माझी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं, तर दशम्यांवर हिरवी बुरशी. समुद्राची दमट हवा आमच्याकडच्या शिदोरीला कुठली सोसायला! मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी आत जाऊन ताट वाढून आणलं, तर खुर्चीवर अण्णा नाहीत.

लांब किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं मादेल (दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं लांबलचक जाळं) ओढत होती. त्यांच्यात एक पांढरी टोपी दिसली. अडुसष्ट वर्षांचे अण्णा, धोतर गुडघ्यावर खोचून, वाळूत टाचा रोवून दोर ओढत होते. दोन तास ओढलं. जाळं आलं, मासळीचे वाटे पडले. मुकादमाने एक वाटा अण्णांपुढेही टाकला. त्यांनी तो पंच्यात बांधून आणला.

अक्काने त्याचं कालवण केलं. अण्णांनी भाताला हात लावला नाही, नुसतं कालवणच खाल्लं आणि मलाही वाढलं. बापाने लेकीला वाढायला कसली आडकाठी?

"खा, मने. माज्या घामाचं हाय," ते खूश होऊन म्हणाले.

त्यांचे दोन्ही तळहात सोलवटले होते. ते पाहिलं आणि मी हातातला घास परत ठेवला. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला होता. माझ्या हातचं खाण्यापेक्षा परक्या मुलखात जाळं ओढणं या माणसाला सोपं वाटत होतं.

"अण्णा, कुठवर थांबणार आहात?"

"थांबायचं की. देवाच्या मनात आलं तर काय येळ लागतोय?"

"मला मूल होणार नाही, अण्णा. डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलंय. सगळे उपाय करून झाले."

त्यांचा हात ताटातच थांबला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्याला हट्ट समजत होते, ती त्यांची आशा होती. नातवंडाची वाट बघत ते बारा वर्षं माझ्या दारात उपाशी बसले होते, आणि मी ती वाट एका वाक्यात संपवली होती.

ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "तुज्या आईला म्हाईत हुतं?"

"नाही. तिला सांगायची हिंमतच झाली नाही."

"बरं केलंस." मग त्यांनी मान हलवली. "न्हाई, मने. बरं न्हाई केलंस. सांगितलं असतंस तर वाट बघायची सोडून ती जेवली असती तुज्या घरी. तिला लई वाटायचं. तुज्याकडून निघालो की यष्टीत डोळ्याला पदर लावायची. म्हनायची, लेकीनं सैपाकघर किती लख ठिवलंय, तितला एक घास न्हाई खाता आला."

हात धुऊन ते पाण्याकडे गेले आणि गुडघाभर पाण्यात दिवस मावळेपर्यंत उभे राहिले. मी वाळूत बसून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

उरलेले दोन दिवस तो विषय निघाला नाही. अण्णा सकाळी जाळं ओढायला जात आणि मिळालेल्या वाट्यावर भागवत. तिथले लोक त्यांना मामा म्हणू लागले होते. सिंहलीतही मामा म्हणजे मामाच. निघताना अक्काने दोघांच्या हातावर साखर ठेवली. अण्णांनी तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती गोंधळून गेली.

समुद्र कसा होता, असं मला अजूनही पुष्कळ जण विचारतात. चांगला होता, असं मी सांगते. परतीच्या विमानात मात्र माझ्या मनात समुद्र नव्हता. या रूढीला मी बारा वर्षं नावं ठेवली होती. पण शेवटची दोन वर्षं आई माझ्या दारातून उपाशी गेली, ती रूढीपायी कमी आणि माझ्या गप्प बसण्यापायी जास्त. हे ओझं आता जन्मभर माझंच आहे.

मुंबईला गाडीत बसताना अण्णांनी ड्रायव्हरला सांगितलं, "पुन्याला घे. लेकीच्या घरी."

घरी पोहोचल्यावर मी हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकाला लागले. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात. प्रशांत मधेमधे येऊन उगाच डबे पुसत होता. अण्णा टेबलाशी बसले नाहीत, जमिनीवर मांडी घालून बसले.

"दोन ताटं वाढ," ते म्हणाले.

मला वाटलं, दुसरं जावयासाठी. पण त्यांनी ते ताट स्वतःच्या उजव्या हाताला ठेवून घेतलं, त्याला हात जोडले आणि मग आपल्या ताटातला पहिला घास उचलला. सावकाश जेवले. भाकरी पुन्हा मागितली, भाजीही मागितली. पाणी माझ्या तांब्यातलं प्याले. मी समोर बसून नुसती बघत होते. जेवण झाल्यावर त्यांनी ते दुसरं ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुज्या आईचं हाय," ते म्हणाले. "तू जेव."

भाकरी गार झाली होती. मी जेवले.