सगुणाबाईंचं आवतण

शीळफाट्याच्या आतल्या गावात सगुणाबाई गेली पन्नास वर्षं धवले गातात. धवले म्हणजे आगऱ्यांची लग्नाची गाणी. धवलारीण गायल्याशिवाय हळद अंगाला लागायची नाही, हा तिथला रिवाज. मंडपात बसून ती आधी देवांना आवतण देते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. कुठल्या घरातलं कोण कधी गेलं, हे सगुणाबाईंना तोंडपाठ. तलाठ्याच्या दप्तरात नसतील एवढी माणसं या बाईच्या डोक्यात!

आणि अशा बाईला शेजारच्या रघूनं आपल्या मुलाच्या, हितेशच्या हळदीत गायला सांगितलं नाही. का, तर वय झालं, धाप लागते. आणि रघूची पुतणी करिश्मा हिच्या मोबाइलमध्ये त्यांचेच धवले रेकॉर्ड केलेले आहेत. "मावशे, तू फक्त जेवाला ये," रघू म्हणाला. सगुणाबाईंचं तोंड एवढंसं झालं. गाणं नको, तर मग आपण तरी गावाला कशाला हव्या, हा विचार काही पाठ सोडेना. तरी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या गेल्याच. रुसून घरी बसणं त्यांना कधी जमलंच नाही.

भल्यामोठ्या स्पीकरमधून धवला सुरू झाला. देवांची नावं झाली, आणि मग आवतण गेलं ते ठाकुर्लीच्या दिपेशच्या आजा-पणजांना! करिश्मानं दिपेशच्या हळदीतच तो रेकॉर्ड केलेला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. रघूचा चेहरा पडला.

"बंद कर गो पोरी!" तो ओरडला, आणि सगुणाबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "मावशे, चुकलो. तूच बोलव आमचे मानसांना."

चार टोमणे मारायचा हक्क होता त्यांचा. त्यांनी नुसतं पाणी मागितलं आणि सुरुवात केली. आवाज फाटत होता, मधेच दम संपत होता. रघूचा बाप झाला, आई झाली, खाडीत बुडालेला भाऊ झाला. मग त्या थांबल्या. हितेश दोन वर्षांचा असताना त्याची आई, गुलाब, वारली होती. रघूची दुसरी बायको रतन मोठी मायेची. तिच्या मनाला लागू नये म्हणून सव्वीस वर्षं त्या घरात पहिलीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

सगुणाबाईंनी रतनकडे पाहिलं. रतननं मान डोलावली.

"ये गो गुलाबबाय, तुजे लेकाला हलद लागते..."

पाटावर ताठ बसलेला हितेश एकदम वाकला. रतननं पुढे होऊन त्याचा खांदा धरला. सगुणाबाई पुढच्या नावाकडे वळल्या, तसा तो लहान पोरासारखा म्हणाला, "आजी, आयचा नाव परत घे ना."