चित्रातलं मिठागर

पावसाळ्यात आमच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटेलच, असं नसायचं. ठाण्याच्या खाडीवर आमचं गाव. मिठागर मालकाचं, राबणारे आम्ही. पाऊस सरला की वाफे तुडवायचे, खारं पाणी घ्यायचं, मीठ धरलं की ओढून राशी घालायच्या. पाऊस आला की काम बंद, मजुरी बंद. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, टाचांना भेगा असत. त्यात मीठ गेलं की ते ओठ आवळून बसत. मी मॅट्रिक होऊन डोंबिवलीला निघालो, त्या सकाळी आईने सुक्या मासळीचं पुडकं हातात दिलं. आबा एवढंच म्हणाले, "परक्याच्या घरान मोठ्यानं बोलू नको." गावात राहिलेल्या माझ्या भावंडांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पुढचं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

डोंबिवलीला मी वामनराव नावाच्या निवृत्त चित्रकला-मास्तरांकडे कामाला राहिलो. घरामागच्या पडवीत त्यांचा लाकडी कोड्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे पायाने चालवायची बारीक पात्याची करवत, सरसाचं भांडं आणि आम्ही दोघं. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्याकडची चित्रांची जाडजूड पुस्तकं रद्दीत आलेली. त्यातलं रंगीत पान पातळ फळीवर चिकटवायचं, वाळलं की वेडेवाकडे तुकडे कापायचे आणि डबे भरून मुंबईच्या दुकानांत पाठवायचे. डब्यावर चित्र मात्र लावायचं नाही, हा वामनरावांचा हट्ट. म्हणायचे, "आत काय आहे ते आधीच कळलं, तर जोडायला बसेल कोण?"

सकाळी मी मुंबईला कॉलेजात जायचो. दुपारनंतर प्रत्येक कोडं एकदा जोडून, तुकडा कमी नाही ना ते बघायचो. झोपायला पडवीचाच कोपरा. तोवर मी देवादिकांच्या तसबिरींपलीकडे चित्र पाहिलेलं नव्हतं. इथे हाताला कधी कुणाचा कान लागायचा, कधी दुधाची धार, कधी कुत्र्याचं शेपूट. हे कुठलं गाव? ह्या बाईने गळ्याभोवती एवढी झालर कशाला बांधली? मी विचारत सुटायचो. वामनराव सांगायचे, नाहीतर "मला काय ठाऊक रे!" म्हणून हसायचे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी दिवाळी झाली आणि आबा अचानक दारात उभे.

"बाल्या, सामान बांध. काका गिरनीन कामाला लागला. औंदा मानूस नय."

हंगाम धरायचा तर परीक्षा बुडणार. आणि एकदा वाफ्यात उतरलेला परत कॉलेजात गेल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. पण आबांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. "हातातलं एवढं जोडून देतो, मग निघू," म्हणालो.

आबा शेजारी टेकले. थोडा वेळ नुसते बघत होते. मग त्यांचा हात पुढे आला. "यो तुकरा हितला दिसतो." तो तिथलाच निघाला. मग काही ते उठेनात. पांढरी जमीन भरत गेली, उघडीबोडकी झाडं आली, कुत्री घेऊन चाललेली माणसं आली.

"अरं, यो तं मिठागर हाय!" आबा ओरडले. "यो बांध. यो पानी अरवलेला. पन ही मानसं मिठान पायतान घालून चालतान? मालक काय बोलत नय?"

"आबा, तो बर्फ आहे."

"बर्फाची लादी असते. भुशान येते, म्हावऱ्यावर घालतान."

"तिकडे तो आभाळातून पडतो."

"लादी?" आबांनी वर पाहिलं. "मंग मानसं जितान कशी?"

वामनरावांना हसू आवरेना. आकाशातून येणारा बर्फ मऊ कसा, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"बोल ना. कालेजान जातंस ना तू?"

"मी अर्थशास्त्र शिकतो, आबा."

"मंग ज्याला ठाव हाय त्याला इचार. तिकरं जाऊन आलेला मास्तर हाय काय तुमचा?"

"आहेत एक."

आबा पुन्हा चित्रावर वाकले. त्या पांढऱ्या जमिनीवरून बोट फिरवलं. मग उठून धोतर झटकलं. "उद्या इचार. ऐतवारी घरी येऊन मना सांग."

"आणि सामान?"

"ऱ्हाव दे. पेपर झालं का राशी ओढायला ये. तवर मी बगतो."

प्राध्यापकांनी समजावून सांगितलं: सावरीच्या कापसासारखा तरंगत येतो, साचत जातो. रविवारी बांधावर बसून मी ते आबांना सांगितलं. बाकीचे मजूर कान देऊन होतेच. "आभालातून कापूस येतो म्हने! बालूला कालेजान फसवला!" एक जण खिदळला. आबा त्याच्यावर उखडले, "गप रं! त्यानं इचारून आनलाय."

तो हंगाम आबांनी एकट्याने रेटला. पेपर संपल्यावर मी गेलो, राशी ओढल्या. निकाल कळला तेव्हा पावसाआधी त्या राशी गवताने शाकारत होतो.

आता डोंबिवलीत माझ्या दोन खोल्या आहेत. मी हायस्कुलात शिकवतो. आबा येतात, चार दिवसांत कंटाळून परत जातात. इथे कुणी घर कुठलं विचारलं की माझ्या तोंडी खाडीवरचं गाव येतं. गावी गेलो की तुम्हीच विचारता, "घरी कवा जाशील?" दोन्ही मला खरं वाटतं, म्हणून मी कुणाचं बोलणं दुरुस्त करत नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला, आणि आमच्या गावातलाही.