मामाची उघडी हजेरी

माझ्या मामाने आयुष्यात घराची किल्ली कधी जवळ बाळगली नाही. ऑफिसातून निघताना मामीला कळवायचं, तिने दार उघडं ठेवायचं, असा त्याचा खाक्या. पुढे कळवायचाही कंटाळा आला, म्हणून ते काम त्याने प्रोग्रामवर सोपवलं. आळसाला अक्कल जोडली की तुझा मामा तयार होतो, असं आई म्हणायची.

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. मामा तिथे बावीस वर्षं पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहीत होता. हजेरीपासून रजेपर्यंतचा सगळा प्रोग्राम त्याचाच. मला तिथे चिकटवलं तेही त्यानेच. पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे बघ, एखादी नोंद बदलायला निघाली की फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, हाक मारतं. ती हाक ऐकून काम करणारा तो लिसनर. मी त्यांना कान म्हणतो."

"आणि हे कान ठेवलेत कुठे?"

"सुचेल तिथे!"

भिंतीला कान असतात म्हणतात. मामाच्या प्रोग्रामला जिन्यात, माळ्यावर, दाराच्या फटीतसुद्धा होते. मी वैतागायचे. एका मॉडेलचे, म्हणजे एका प्रकारच्या नोंदींचे, सगळे कान एका ऑब्झर्व्हर फाईलमध्ये ठेव, म्हणून त्याच्या डोक्याशी कटकट करायचे. "मी गेल्यावर आवर," तो हसत म्हणायचा.

एका मंगळवारी दुपारी तो खुर्चीतच गेला. मागच्या जिन्याने त्याला स्ट्रेचरवरून खाली नेलं. दोन महिन्यांनी, रडून झाल्यावर, मी आवरायला घेतलं. त्रेचाळीस कान निघाले. सगळे नव्या फाईलमध्ये नीट मांडले आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

सकाळी मामीचा फोन.

"अगं, काल तुझे मामा दोनदा निघाले."

"म्हणजे?"

"रोज सहा दहाला मेसेज येतो ना, निघालो, दार उघडं ठेव. काल दोन आले."

"रोज? अजून येतो?"

"न यायला काय झालं? मी दार उघडं ठेवते." दूधवाल्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती.

दोनदाचं कोडं लगेच सुटलं. कान नव्या फाईलमध्ये मांडले, पण जुन्या जागचे काढायला विसरले. एक हाक, ऐकणारे दोन. नवशिक्याची चूक! पण मुळात हाक कशाची होती, ते शोधायला दुपार गेली.

मामाच्या शेवटच्या दिवसाची हजेरी उघडीच होती. आत आल्याची वेळ नऊ पन्नास, बाहेर गेल्याची रिकामी. मागच्या जिन्याने नेलेल्या माणसाचं कार्ड पुढच्या दारातल्या यंत्राला कोण लावणार? उघडी राहिलेली हजेरी रोज सहा दहाला प्रोग्राम आपणहून बंद करतो. बंद करण्याआधी हाक जाते आणि कान मामीला मेसेज पाठवतो. मग नोंद लिहायला जावं, तर कारकुनाने मामाचं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीतून काढलेलं. नोंद होत नाही, हजेरी उघडीच राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणजे दोन महिने मामा रोज सहा दहाला निघत होता आणि दारापाशी अडत होता. ते कळल्यावर मला भीती वाटली. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसवेना.

रविवारी मामीकडे गेले. दार सताड उघडं होतं. मामी निम्मी झाली होती, डोळे खोल गेलेले.

"झोपत नाहीस का गं?"

"दार उघडं टाकून झोप कशी येईल?"

एकटी बाई, उघडं दार, कोणीही आत शिरलं असतं. "मामी, तो मेसेज मी बंद करते."

"बंद नको करूस," ती एकदम म्हणाली. "निघालेत ना, मग पोचू देत की. वाट कशाला अडवता त्यांची?"

सोमवारी मी जुन्या जागचे कान काढले. कारकुनाच्या हातापाया पडून मामाचं नाव एका संध्याकाळपुरतं यादीत परत घातलं आणि बसून राहिले. सहा दहाला मामाच्या नोंदीत बाहेर गेल्याची वेळ उमटली. दाराजवळचं यंत्र टिंग वाजलं. हजेरी बंद झाली की ते वाजतंच, तोही मामाचाच एक कान. तरी मी दाराकडे पाहिलं नाही.

मंगळवारी सव्वासहाला मामीला फोन केला.

"आज मेसेज आला?"

"नाही."

"आता येणारही नाही. दार लावून घे, मामी."

"लावलं की कालच. छान झोप लागली."

"काल? काल तर मेसेज आला असेल ना?"

"आला होता."

"मग दार कधी लावलंस?"

"कधी म्हणजे? ते आत आल्यावर."