फोनातलं नाव
बायकोच्या फोनच्या कव्हरला अजून हळदीचा वास येतो. तिला वाचता येत न्हवतं, म्हणून साताऱ्याहून आलेल्या पोरीनं शिकवलं, "आई, हे बटण दाब आन् नाव बोल, फोन आपोआप लागतोय." सांगलीच्या बहिणीला लागला. माझी पाळी आली आन् बाई गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, ही आमच्याकडची खुळी रीत. हळदीच्या बोटानं बटण दाबून ती फोनला म्हणाली, "आवं!" फोनला काय कळंना. मी म्हणलं, "घे की एकदा नाव, कोण ऐकतंय?" "ह्यो ऐकतोय की," फोनकडं बोट करून ती म्हणाली. पोरगी हसून लोळली. शेवटी पोरीनं फोनात माझं नाव पुसून तिथं 'आवं' घातलं. मग काय, मी जरा पारावर टेकलो की फोन. चहा झालाय, या. ऊन लागंल, या. मी लय वैतागायचो, निम्म्या वेळा न उचलताच कट करायचो. तिला जाऊन वरीस झालं. तिचा फोन मी रोज चार्ज करतो. काल बटण दाबून मीच म्हणलं, "आवं." खिशातला माझा फोन वाजाय लागला. या खेपंला कट केला न्हाई, वाजून वाजून थांबंस्तवर ऐकत बसलो.