कूलर नसलेलं गाव

मामू कोणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघायचाच नाही. दारात चप्पल काढायची, थांबायचं आणि उजवा हात उलटा करून हवेत धरायचा. आई तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावते ना, डिट्टो तसं. मग ठरलेलं वाक्य, "हवा आली ते समजलं. जाते कुठून?" साखरपुडा असो का मयत, हेच. आमचे आजोबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, सगळे रडून राह्यलेले, आणि मामूने गुपचूप जाऊन मागची खिडकी उघडली. आईला म्हणाला, "बाई, इतक्या लोकायचा उसासा आहे घरात. त्याले जायले वाट पाह्यजे."

मामू कूलर बनवायचा. चंद्रपुरात कूलरवाल्यांची काय कमी? पण मामू म्हणजे मामू! पत्रा कापणं, जाळ्या ठोकणं, वाळ्याच्या ताट्या भरणं, मोटर बांधणं, सगळं स्वतः. माझी आई त्याला राखी बांधायची म्हणून तो मामू, आणि मग अख्ख्या गल्लीचाच मामू झाला. गिऱ्हाईक आलं की हा आधी त्याच्या घरी जाऊन हवा बघायचा आणि अर्ध्यांना सांगून यायचा, "तुमाले कूलर नाई, खिडकी पाह्यजे." मामी आतून ओरडायची, "मियाँ, मग खिडक्यायचंच दुकान टाका ना!"

मामीबद्दल आता सांगावंच लागेल, कारण सगळी गोष्ट तिच्यासाठीच आहे. मामी कोरपन्याकडची, हसरी, बोलायला एकदम तिखट. दोघांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी शाळेतून आले की अर्धी त्यांच्याकडेच. एका उन्हाळ्यात मामीला लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली, इतकी की दवाखान्यात बर्फाच्या लाद्या लावल्या. त्यातून वाचली, पण तिच्या अंगाला ऊन सहनच होईना. चैत लागला की चक्कर, उलट्या, सलाईन. डॉक्टरांनी मामूला स्पष्ट सांगितलं, "उन्हाळ्यात यांना चंद्रपुरातून बाहेर काढा. दरवर्षी काढा. नाहीतर एखादा उन्हाळा यांना घेऊन जाईल."

त्याच संध्याकाळी मामू माझ्याकडे आला. म्हणे, "पोरी, तुह्या मोबाईलवर सारं सापडते ना? मंग असं गाव काढ, जिथी एकही कूलर विकत नाई."

मी वेडीच झाले! कोणी ट्रिप अशी शोधते का? लोक धबधबा बघतात, व्ह्यू बघतात. मी महाबळेश्वर दाखवलं, मामू म्हणे, "भेटत असन तिथी एखादा." चिखलदरा दाखवलं, "तिथी तं माह्या हातचेच तीन हायेत." असं करत करत वर वर सरकत आम्ही पार उत्तराखंडात मुनस्यारीला पोचलो. मी तिथल्या एका होटेलवाल्याला फोन लावला आणि मामूने विचारलं, "भैया, आपके यहाँ कूलर मिलता है क्या?" तो माणूस इतका हसला की फोन स्पीकरवर नसता तरी ऐकू आलं असतं. मामूने फोन ठेवला आणि मामीकडे बघून म्हणाला, "ठरलं."

होटेलात राहायचं नाही हे मामीचं. तिला परक्या घरात झोप येत नाही. मग मामूला व्हिडिओ दाखवले मी, लोक गाडीतच घर करतात ते. गाडीत पलंग, गाडीत गॅस, वाटेल तिथे थांबायचं, सकाळी दार उघडलं की समोर पहाड. मामूने एकच व्हिडिओ चार वेळा बघितला आणि बल्लारपूरहून एका बेकरीची जुनी पावाची गाडी घेऊन आला. चारी बाजूंनी बंद डब्बा, ना खिडकी ना काही. आत बसलं की टोस्टचा वास. गल्लीतले पोट्टे मागे धावायचे, "मामू, खारी किती ले?" मामी दारातून, "पहले मियाँले भाजू दे चांगलं, मंग देते!"

आणि मग मामूने ती गाडी बनवली. दोन-तीन हिवाळे बनवत होता, कारण हिवाळ्यातच त्याला फुरसत. छताला पांढरा रंग. भिंतींना दुहेरी पत्रा, मध्ये थर्माकोल. समोरासमोर खिडक्या, वर हवा जायला झडप. पाण्याची मोठी टाकी. आणि पलंगाच्या बरोबर डोक्याशी, बाजूचा पत्रा कापून, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी कूलर. बॅटरीवर चालणारा, आवाज इतका कमी की मामी म्हणायची, "हा कूलर आहे का नवा जावई? तोंडच नाई उघडत." जाड वाळा, पाणी टाकलं की गाडीभर असा गंध की डोळे मिटावेत. मामीने निळे पडदे शिवले, डब्यांना दोऱ्या बांधल्या, लोणच्याच्या बरणीला स्वेटर घातला. हो, बरणीला! फुटू नये म्हणून. स्वतःसाठी मात्र कोणी स्वेटर घेतला नाही. आता लिहिताना हे जाणवतंय. आम्ही तिघं इतके दिवस थंड पहाडाचा प्लॅन करत होतो आणि तिघांपैकी कोणालाच थंडी सुचली नाही. सुचणार कुठून? चंद्रपुरात जन्मलेल्या माणसाला बाहेरगाव म्हणजे ऊनच दिसतं.

डिसेंबरमध्ये ट्रायल घेतली. आलापल्लीवरून भामरागडकडे, मी पण होते. सागवानाचं जंगल, रस्ता असा की डबे दोऱ्यांवर झोके घेत होते. हेमलकशाच्या पुढे नदीकाठी एका गावाजवळ गाडी लावली. सकाळी उठलो तर धुकं, नदी दिसेना, आणि मामी गोधडीत गुंडाळून दात वाजवत बसलेली. मामूला इतका आनंद झाला, इतका! उलटा हात हवेत धरून म्हणे, "पाहून राह्यली का? कूलर चालू पण नाई केला आन् कुडकुडून राह्यली! काय गाडी बनवली मी!"

मामी म्हणाली, "मियाँ, गाडी नाई, डिसेंबर थंड आहे."

"नाई नाई. गाडीच."

"बरं, गाडी." गावातली एक बाई आमचं हे भांडण ऐकून हसत होती. तिला आमची भाषा किती कळली काय माहीत, पण तिने मामीसाठी शेकोटी पेटवून दिली. मामूला ती शेकोटी आवडली नाही. त्याच्या गाडीचा अपमान वाटला त्याला.

आता तुम्ही विचाराल, गाडी तयार, ट्रायल झाली, मग गेले का नाही? तीच तर गोम आहे. मामीला बाहेर काढायचं कधी? उन्हाळ्यात. आणि मामू कूलरवाला. होळी पेटली की त्याच्या दुकानापुढे गर्दी. पैशासाठी नाही हो, पैशाला तो हपापलेला कधीच नव्हता. पण कोणी म्हणायचं, मामू, बाळ रात्रभर रडून राह्यलं. कोणी म्हणायचं, सासऱ्यायले धाप लागते. आणि मामू उलटा हात घेऊन निघाला. "सीझन झाला का निघू." हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. सीझन व्हायचा तेव्हा पावसाळा लागलेला, तिकडे दरडी. मग पुढच्या वर्षी. मध्येच मामी सलाईन लावून पडलेली.

एकदा मी मामीला म्हटलं, तू जोर देऊन सांगत काऊन नाई? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय सांगू माय? त्यायचा सीझन आन् माहा सीझन एकच आहे."

पण मागच्या वर्षी नक्की ठरलं होतं. ईद झाली की निघायचं. खरंच, गॅस भरला होता, पीठ दळून आणलं होतं, मामीने नवीन चप्पल घेतली होती पहाडात घालायला म्हणून. आणि एप्रिल लागताच असं तापलं की विचारू नका. निघायच्या आदल्या दिवशी एका दवाखान्यातून माणूस आला. बाळंतिणींच्या वॉर्डातले कूलर बंद पडले होते, ओल्या बाळंतिणी, दोन दिवसांची लेकरं.  मामीच म्हणाली, "जा. त्या लेकरायले काय माईत पहाड कुठी आहे."

"दोन दिवसात येतो."

दोन दिवसांनी दुसरा वॉर्ड निघाला, मग वृद्धाश्रम, मग गल्ली. आणि मामी पडली. दवाखान्यातून घरी आणलं तर घराचा स्लॅब तव्यासारखा. मामूने तिला गाडीत ठेवलं. गल्लीतच, कडुनिंबाखाली. लाईन गेली तरी गाडीतला कूलर बॅटरीवर चालायचा. अख्ख्या चंद्रपुरात सगळ्यात थंड जागा तीच असेल. मामू पहाटे निघायचा, मध्येच येऊन टाकीत पाणी भरायचा, तिच्या कपाळाला हात लावायचा, परत जायचा. त्याचं तोंड बघवायचं नाही. पण बाहेर कोणी ना कोणी उभंच असायचं, हात जोडून.

दुपारी मी मामीजवळ बसायची. एक दिवस ती डोळे मिटूनच म्हणाली, "गाडी चालू झाली वाटते. कुठी पोचलो?" मी मोबाईलवर आमचा रूट उघडला आणि म्हटलं, नागपूर. मग ते रोजचंच झालं. मी तिला रस्त्यावरचं सगळं वाचून दाखवायची, फोटो दाखवायची, तिच्या टिंगली चालू. शिवनीचं जंगल बघून म्हणाली, "हे तं आपलं ताडोब्याचं मोहर्लीच आहे, पैसे वापस घ्या." सागर, झाशी, आग्रा. ताजमहालाला बघून म्हणे, "मेल्यावर बांधलं होय? माह्या मियाँनं जितेपणीच बांधलं, बेकरीच्या गाडीत." बरेलीला ती फारशी बोलली नाही. नवतपा लागला होता, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

काठगोदामला सपाट जमीन संपते आणि पहाड सुरू होतो. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग इथीच मुक्काम करू. घाट उद्या चढू. मियाँले येऊ दे." आणि झोपली. मला वाटलं झोपली.

मामू आला तेव्हा त्याच्या केसात वाळ्याच्या काड्या होत्या, शर्ट ओला. गाडीच्या दारातच थांबला, सवयीने. मग आत आला, उजवा हात उलटा केला आणि मामीच्या नाकापुढे धरला. किती वेळ धरून होता. आयुष्यभर त्या हाताला हवा कळायची, बारीकातली बारीक. मी आईला हाक मारायला उठले. तेव्हा मागून आवाज आला. मामू एकेक करून गाडीच्या सगळ्या खिडक्या उघडत होता. ती गरम हवा, ती लू, जिला बाहेर ठेवायला त्याने दोन-तीन हिवाळे पत्रे जोडले होते, ती भसकन आत आली. त्याने वरची झडपही उघडली.

त्यानंतर तो कोणाच्या घरी जाऊन हात धरायचा बंद झाला. कूलर बनवायचा, पण विचारायचा नाही हवा कुठून जाते. लोकांना हवा तसा द्यायचा. गाडी कडुनिंबाखाली उभी, छतावर पानं.

यंदा होळी झाली, दुकानापुढे गर्दी झाली, आणि एके सकाळी बघते तर मामूने शटर खाली ओढलेलं. गाडी धुतलेली. लोक चिडले. "मामू, ऐन सीझनमंदी?" "आमी कोणाकडे जावं?" एक जण तर म्हणाला, "आता कोणासाठी चालले पहाडात?" मामू टाकीत पाणी भरत राहिला. आईने डबा दिला. मी म्हटलं, मामू, तिकडे थंडी असते, रजई घ्या. त्याने मामीची गोधडी दाखवली. "हे आहे ना. आन् गाडी मी बनवली आहे पोरी, मले नको शिकवू." पावाची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. टोस्टचा वास आला का मला भास झाला, देव जाणे.

बरेच दिवस फोन नाही. मग परवा आला. मी कूलरपुढे बसले होते, त्याच्याच हातच्या, मागची खिडकी उघडी.

"पोचलो," मामू म्हणाला. आवाज थरथरत होता, थंडीने. "समोर बर्फ आहे. पांढरं, निरानाम पांढरं. तू दाखवलं होतं तसंच."

"मग मस्त ना, मामू?"

"गाडी बेकार बनवली, पोरी. कूलरच्या भोकातून अशी हवा येते का हाडं फुटतात. काढला म्या कूलर. पहिल्यांदा हातानं कूलर तोडला. त्या भोकात तिची गोधडी कोंबली. हवेची वाट बंद केली."

 तिकडे वारा ऐकू येत होता.

"ती असती तं कुडकुडली असती," तो म्हणाला. "म्हटली असती, मियाँ, गाडी नाई, पहाड थंड आहे."

मी माझा कूलर बंद केला, त्याचं नीट ऐकू यावं म्हणून. 

"म्या हो म्हटलं असतं," मामू म्हणाला.